जिंकलेले राज्य आणि उजाड शेत

विद्यार्थी मित्रहो, आपल्या चौकच्या किनाऱ्यासमोर वसईची खाडी आहे आणि पलीकडे, वसईच्या पुढे, सोपारा. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा सारा मुलूख एका सत्तासंघर्षात सापडला होता.

क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याने सातवाहनांकडून उत्तर कोकण, नाशिक व कार्ले हा प्रदेश हिरावून घेतला. त्याचा जावई ऋषभदत्त याने सोपाऱ्यास धर्मशाळा बांधल्याची नोंद नाशिकच्या लेण्यात आहे. व्यापाराचे मात्र हाल झाले. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार कल्याण बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आहे. शत्रूची नाणी त्याने बाद केली नाहीत. लोकांच्या हातातला पैसा चालू राहिला.

परंतु राज्य जिंकले म्हणजे सर्व सुरळीत झाले, असे नव्हे. पालकहो, नाशिकचे दोन शिलालेख या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने कखडी गावातील, पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले शेत भिक्षूंना दिले. २४ व्या वर्षी राजा व राजमाता यांनी पुन्हा आज्ञा काढली. कारण काय? ते शेत कोणी कसत नव्हते आणि गावात वस्तीही नव्हती! म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनीपैकी १०० निवर्तने त्यांना देण्यात आली.

विजयानंतर सहा वर्षांनीही गाव उजाडच होते. पण राजाने दानपत्रावर समाधान न मानता चूक दुरुस्त केली. राजमाता बलश्रीने पुढे कोरविलेल्या लेखात मुलाच्या पराक्रमाबरोबरच, तो प्रजेच्या सुखदुःखात समरस होई व न्यायाने कर घेई, हेही आवर्जून सांगितले आहे.

हे वैभवही अढळ राहिले नाही. इ. स. १५० च्या जुनागढ लेखात क्षत्रप रुद्रदामन् याने सातकर्णीचा दोनदा पराभव केल्याचा उल्लेख आहे. तेव्हा मुलांनो, इतिहास वाचताना लढाई कोणी जिंकली एवढ्यावरच थांबू नका. नंतर शेत कोणी कसले, हेही विचारा. राज्य खऱ्या अर्थाने सावरते ते तेथेच.