क्लॅरिओनेटचा खर्ज

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं कविवर्य मोरोपंतांनीं इ. स. १७९४ मध्यें देह ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षीं जर्मनींतील ड्रेसडेन शहरीं हाइन्रिख ग्रेन्सर नांवाच्या कारागिरानें एक चमत्कारिक लांकडी वाद्य घडविलें. त्याची नळी इतकी लांब होती कीं, ती मधोमध दुमडून दुहेरी करावी लागली. पंतांच्या आर्यांशीं ह्या वाद्याचा कांहीं एक संबंध नाहीं, हें खरें; परंतु बारामती-इंदापूरकडील ज्या श्रोत्यांनीं लग्नाच्या वरातींत बँडमधील काळें क्लॅरिओनेट ऐकलें असेल, त्यांना तें अगदींच परकें वाटणार नाहीं. तें ह्या क्लॅरिओनेटचेंच थोरलें भावंड होय. त्याला 'बास क्लॅरिओनेट' म्हणतात.

धाकटें भावंड आपल्याकडे गोऱ्या पलटणींच्या बँडांबरोबर आलें आणि सनईच्या शेजारीं मांडवांत येऊन बसलें. मास्टर इब्राहिम यांनीं तर बोलपटांतील गाणीं त्यावर वाजवून तबकड्यांच्या द्वारें घरोघरीं पोंचविलीं. थोरलें मात्र आपल्या वरातींत सहसा दिसत नाहीं. तेथें खालचा सूर सांभाळावयास युफोनियम असतें, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढें चालतांना गळ्यांत एवढें लांबलचक लांकूड कोण अडकवून घेणार?

क्लॅरिओनेटची घडण मोठी मौजेची आहे. न्युरेंबर्गच्या डेनरनें सतराशें सालाच्या सुमारास तें सिद्ध केलें. सनईची नळी खालीं रुंदावत जाते व तिची पत्ती दुहेरी असते. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक सरळ आणि पत्ती एकेरी. ह्या भेदाचा परिणाम असा कीं, सनईवर फुंकेचा जोर वाढविला म्हणजे षड्जाचा तारषड्ज होतो. क्लॅरिओनेटवर मात्र आंगठ्याखालची चावी उघडतांच सूर सप्तक ओलांडून थेट पुढील पंचमावर जाऊन बसतो. नव्या शिष्याची पहिली फजिती येथेंच होते.

आतां स्वर एक सप्तक खालीं न्यावयाचा तर नळी दुप्पट लांब हवी, आणि भोकेंही तितक्याच अंतरानें दूर जावयास हवींत. माणसाचीं बोटें कांहीं दुप्पट लांब होत नाहींत! जुने कारागीर भोकें बोटांच्या आवांक्यांत आणीत. त्यामुळें सूर मिणमिणते आणि बेसूर निघत. तरीही १८३६ त पॅरिस येथें मायरबेअरनें आपल्या 'ले ह्युगनो' ह्या संगीतिकेंत बास क्लॅरिओनेटला स्वतंत्र आलाप दिला. प्रसंग विवाहाचाच आहे. पण १५७२ च्या कत्तलीच्या रात्रीं, मरण दाराशीं उभें असतांना एक वृद्ध सेवक वधूवरांस आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादाभोंवतीं हा एकटा खर्ज घुमत राहतो. ज्या वाद्याचें धाकटें रूप आपल्याकडे वरातीची शोभा झालें, त्याच्या थोरल्या रूपास युरोपांत असें लग्न लाभावें, हा योग विलक्षण खराच.

बोटांची अडचण सोडविली ती बेल्जममधील अॅडोल्फ सॅक्स ह्यानें. पुढें सॅक्सोफोन काढणारा तोच हा. भोकें नादाला हवीं तेथें व हवीं तेवढीं मोठीं पाडावयाचीं, आणि तीं झांकावयास झडपांच्या चाव्या बसवावयाच्या, अशी योजना करून १८३८ त त्यानें तिचा हक्क नोंदविला. त्याच्या चरित्रकारांनीं एक गोष्ट दिली आहे. ब्रुसेल्सच्या एका नामांकित क्लॅरिओनेटवाद्यानें हें नवें धूड हातीं घेण्याचें साफ नाकारलें. तेव्हां सॅक्सनें त्याला भर सभेंत सामना दिला: त्यानें आपलें क्लॅरिओनेट वाजवावें, सॅक्स आपलें बास वाजवील. निवाडा सॅक्सच्या बाजूनें झाला.

तथापि त्या नाकारणाऱ्याची बाजूही अगदींच पोकळ नव्हे. बोटांचे ठाव दोन्हींकडे बहुतेक तेच, स्वरलिपीही बहुधा तीच लिहितात. म्हणून क्लॅरिओनेटवाल्यास वाटतें कीं, आपणांस हें येतेंच. फसगत होते ती ओंठांची. वर्षानुवर्षें कमावलेली ओंठांची आवळ सैल करावी लागते, श्वास अधिक सोडावा लागतो, रुंद पत्तीला जास्त जागा द्यावी लागते. वरच्या सप्तकांत जातांना डाव्या तर्जनीनें झडपेवरचें एक बारीक भोंक किंचित् सरकून उघडावें लागतें. आणि पुनः धाकट्या वाद्याकडे परतावें तर ओंठ रुसलेले! शिवाय मानाचा प्रश्न आहेच. सनईच्या ताफ्यांत राग मांडणारा एक आणि नुसता सूर धरणारा दुसरा. बिदागी देतांना यजमानाची नजर कोणाकडे असते, हें सर्वांस ठाऊक आहे. चाल वाजविणाऱ्यानें खर्जाला जाणें ही बढती कीं उतरण?

चायकोव्हस्कीच्या १८९३ मधील सहाव्या सिंफनींत ह्याचा एक मासला आहे. पहिल्या भागांत क्लॅरिओनेटची धून मंद होत खालीं उतरते आणि शेवटचे चार स्वर त्याच्या आवांक्याबाहेर जातात. रचनाकारानें ते बासूनला दिले, व अतिशय हळू वाजवावे म्हणून सहा खुणा घातल्या. बासूनला तेवढें हळू साधणें कठीण. म्हणून पुष्कळ संचालक ते चार स्वर बास क्लॅरिओनेटकडे सोंपवितात. चार स्वरांसाठीं एक वादक बसून असतो, आणि ते चुकले तर सारा भाग फुकट.

एकट्यानें सभा जिंकण्याचा मान ह्या वाद्यास फार उशिरां मिळाला. झेकोस्लोव्हाकियांतील योसेफ होराक हा मूळचा क्लॅरिओनेटवादक. त्यानें १९५५ त ब्रनो शहरीं केवळ बास क्लॅरिओनेटचा जलसा केला. पुढें १९६१ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड ह्या तळघरांत जॉन कोलट्रेन ह्याच्या मेळ्यानें 'इंडिया' नांवाची रचना वाजविली. तींत सूर धरून बसण्याचें काम दोन बास-तंतुवाद्यांकडे होतें. एरिक डॉल्फीचें बास क्लॅरिओनेट त्या धरलेल्या सुरावर मोकळें हिंडत होतें, सनईच्या ताफ्यांतल्या रागदारासारखें.