पश्चिमेचा ढग आणि उल्हासचे पाणी

ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती इतिहासाची आरंभीची पाने चाळू लागलो की माणसांच्या आधी भेटतो तो वारा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तो बिशप आणि त्याचा कळप ज्या गलबतांतून आला असेल, ती मोसमी वाऱ्यांच्या मर्जीनेच या किनाऱ्याला लागत. पुढे १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती होर्मुझहून कोल्लमला जायला निघाले, पण त्यांचे जहाज लागले ते ठाण्याच्या बंदरात. वादळाने त्यांना इकडे लोटले असे परंपरा सांगते. त्या चौघांना येथे हौतात्म्य आले, एवढे मात्र निश्चित. वाट चुकलेल्या एका जहाजाने ठाण्याचे नाव ख्रिस्तसभेच्या इतिहासात नेऊन ठेवले.

परंतु ज्या वादळाची आठवण आपण ठेवायला हवी होती आणि ठेवली नाही, ते १५ मे १६१८ चे. त्या वेळी वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. ठाणे व साष्टी तिच्याच अमलाखाली होते. कल्याण मात्र खाडीपलीकडच्या मुलखात. आधीच रोगराईने गांजलेल्या वसईवर त्या दिवशी चक्रीवादळ येऊन आदळले. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचे जे वर्णन आले आहे ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. हजारो माड मुळासकट उपटले गेले, समुद्र वस्तीत शिरला, घरे बसली. फ्रान्सिस्कन व ऑगस्टिनियन धर्मगुरूंचे मठ आणि देवळे उद्ध्वस्त झाली, ज्यांच्या भिंती उभ्या राहिल्या त्यांची छपरे उडाली. मुंबईच्या आसपास दोन हजार माणसे दगावली, असे एक जुना वृत्तान्त सांगतो. हा आकडा कोणी आणि कसा मोजला असेल, देव जाणे. त्या काळच्या लेखकांनी कोसळलेल्या देवळांची मोजदाद नीट ठेवली. बुडालेल्या कोळ्यांची आणि माडांखाली चिरडलेल्या कुणब्यांची नावे लिहून ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

वादळ सरले तरी संकट सरले नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. आईबाप पोटची पोरे उघड उघड दलालांना गुलाम म्हणून विकू लागले. मूल उपाशी मरण्यापेक्षा विकले जाऊन जगलेले बरे, असा तो हिशेब होता. येशूसंघीयांनी स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यातून वाचवून आणि सधन लोकांकडून देणग्या मिळवून हा बाजार थांबवला, अशी नोंद आहे. आमच्या देवळांच्या शिल्पकलेवर आम्ही पुष्कळ लिहितो. वसईच्या किल्ल्यातील भग्न कमानींची छायाचित्रे प्रत्येक सुवर्णमहोत्सवी अंकात असतात. त्या कमानींखाली कधी काळी पोरे विकली जात होती आणि ती सोडवणारे हातही होते, ही गोष्ट मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला कोणी सांगितली नाही.

तेव्हा इशारा देणार कोण? तांडेलाचा अनुभव, पाण्याचा रंग, पक्ष्यांचे माघारी येणे आणि देवळाची घंटा, एवढीच काय ती यंत्रणा. वादळात घंटा वाजवण्याची चाल युरोपात होतीच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर येथील कित्येक घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावरच्या देवळांत गेल्या. त्यांतली १७२१ हे साल कोरलेली घंटा नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात गोदावरीकाठी टांगलेली आहे. त्याच घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावी अशी ही मोजपट्टी आहे. आमच्या उल्हास नदीला असा मारुती कोणी दिला नाही.

शास्त्रीय नोंदींचा आरंभ कुलाब्याला झाला. तेथील वेधशाळा १८२६ ची, आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. १८६४ साली कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ झाले, तेव्हा सरकारला जाग आली. दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्याची पद्धत सुरू झाली, १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८० मध्ये मुंबई बंदरालाही इशारे मिळू लागले. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे कोळीवाड्यातले वाक्य त्या व्यवस्थेचे अपत्य होय. बावटा दर्यावर जाणाऱ्यासाठी होता. खाडीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी राहणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. हा भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पुढची सव्वाशे वर्षे समुद्राकडे तोंड करून बसलेल्या यंत्रणेची पाठ कल्याणकडे राहिली ती राहिलीच.

याची किंमत २६ जुलै २००५ रोजी मोजावी लागली. दिवस मंगळवारचा. नक्षत्र पुष्य, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत 'म्हातारा पाऊस'. त्या म्हाताऱ्याने दुपारनंतर जे रूप धारण केले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एका टोकाला माणसे छत्री घेऊन घरी पोहोचली आणि दुसऱ्या टोकाला मोटारीत गुदमरून मेली. ढगाच्या आत काय चालले आहे हे दाखवणारे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. 'मुसळधार' हा एकच शब्द रोजच्या पावसालाही वापरायचा आणि प्रलयालाही, तर ऐकणाऱ्याने फरक ओळखावा कसा?

वृत्तपत्रांनी तो दिवस मिठी नदीच्या नावे लिहून ठेवला. साहजिकच आहे, राजधानी मुंबई आहे. परंतु त्याच रात्री उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी घरे धुंडाळत फिरत होती. डोंबिवली-कल्याणचा कमावता माणूस मुंबईत अडकलेला, लोकल बंद, दूरध्वनी मुके, वीज गेलेली, आणि घरी बायकामुले व म्हातारी माणसे वाढते पाणी पाहत बसलेली. हजारो लोक रुळांवरून चालत निघाले. राज्यात त्या पावसाने एक हजारांहून अधिक बळी घेतले.

या नदीची घडण समजून घेतली पाहिजे. ती उगम पावते लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्याजवळ. कर्जतवरून बदलापुरास येते, बारवीला सोबत घेते. मलंगगडाकडून येणारी वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ तिला मिळते. काळू आणि भातसा यांचे पाणीही अखेर याच खाडीत उतरते आणि सारे मिळून वसईच्या खाडीवाटे समुद्राला जाते. घाटात कोसळलेला पाऊस खाली पोहोचायला काही तास घेतो. तोवर खालून उधाणाची भरती चढत आली की नदीचे पाणी तुंबते आणि काठावर पसरते. म्हणजे डोंबिवलीच्या खाडीकाठी उघडीप असतानाही पूर येऊ शकतो! लूकच्या शुभवर्तमानात पश्चिमेकडून चढणाऱ्या ढगाचा दाखला येतो आणि आभाळाची लक्षणे ओळखणाऱ्यांना काळाची लक्षणे का कळत नाहीत, असे प्रभू विचारतो. आम्हां कल्याणकरांनी पश्चिमेबरोबर पूर्वेकडेही पाहायला हवे. आमचा पूर सह्याद्रीतून येतो.

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालापासून वालधुनीच्या काठी उभे आहे. ते बांधणाऱ्यांना नदी कोठवर येते याची जाण असावी. १९४९ साली लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांसाठी उल्हासनगर वसवले गेले. त्या दुर्दैवी लोकांना जागा निवडण्याची मुभा नव्हती. आम्हांला होती. पुढच्या पन्नास वर्षांत वसई, मंगळूर, गोवा, केरळ येथून आलेल्या आमच्या कुटुंबांनी स्वस्त मिळाली म्हणून तळमजल्याची खोली घेतली. ही जमीन पूर्वी भाताची होती की खाजणाची, हे विचारले नाही. विचारले असते तरी विकणाऱ्याने सांगितले असते असे नाही.

२००५ नंतर पुष्कळ बदलले, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि त्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसली, कुलाब्याला डॉप्लर रडार आले, २०२२ मध्ये वेरावलीला दुसरे आले. २०२० साली मुंबई शहरासाठी पुराचा इशारा देणारी स्वतंत्र प्रणालीही सुरू झाली. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. 'मुसळधार'पेक्षा रंग बरे, हे आमचे मत.

आणि तरीही २०१९ साली, बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. उल्हास रुळांवर आली होती. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. गाडीतून उतरू नका, असे रेल्वेने कळवले, आणि तो सल्ला योग्यच होता. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाच्या रबरी होड्या, नौदल आणि हेलिकॉप्टर आली. चामटोलीच्या ग्रामस्थांनीही धाव घेतली. सारे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. १६१८ च्या तुलनेत हे केवढे मोठे अंतर! पण रात्रभर पाण्याच्या मधोमध अंधारात बसलेल्या आईला त्या अंतराचे कौतुक वाटले असेल का, हे आम्ही सांगू शकत नाही.

बदलापूरच्या पुलाजवळ उल्हासची पातळी मोजली जाते. १६.५० मीटर ही इशारा पातळी, १७.५० ही धोक्याची. या दोन आकड्यांमध्ये एका मीटरचे अंतर आहे आणि तेवढ्यात नदीकाठच्या चाळी रिकाम्या व्हायच्या असतात. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर कर्कश आवाजाचा चाचणीसंदेश आला, तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर आमच्या अंगणात त्याच्यावर बरीच थट्टा झाली. ज्यांच्याकडे तसला फोन नाही अशा दोन वृद्ध भगिनी तेथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांना थट्टेचा विषय कळला नाही. त्यांच्या दारावर पाणी येण्याआधी कोणी थाप मारायची, हे लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत तोवर ठरलेले नव्हते. आता दोन घरांची नावे ठरली आहेत.

ज्या कुटुंबांच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, त्यांनी रंगकाम काढण्यापूर्वी ती जमिनीपासून फूटपट्टीने मोजावी आणि घर कोणत्या नाल्याच्या वा खाडीच्या काठी आहे ते लिहून आमच्याकडे पाठवावे. धर्मग्रामाच्या दप्तरात त्यासाठी एक वही घातली आहे. तिची पहिली तीन पाने भरली आहेत.