टोपी, तुरा आणि जबाब

1987 साली न्यूयॉर्कचा रॅपर कूल मो डी याने ‘हाऊ या लाइक मी नाऊ’ हा अल्बम काढला. मुखपृष्ठावर तो ऐटीत उभा आहे, मागे जीप आहे आणि जीपच्या पुढच्या चाकाखाली एक लाल कँगोल टोपी चिरडलेली आहे. ती टोपी एल. एल. कूल जे याची ओळख होती. चेहरा नाही, नाव नाही. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरचं चिन्ह तेवढं मातीत घातलं, की आव्हान पोचलं.

हिप-हॉपवाल्यांना हा तपशील पाठ असतो. पण जिथे दोन शतकं शाहिरांचे फड कलगी आणि तुरा या पगडीवरच्या दोन दागिन्यांच्या नावाने एकमेकांना भिडले, त्या महाराष्ट्राने या मुखपृष्ठाकडे जास्त बारकाईने पाहायला हवं.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. 1989 च्या ‘वॉकिंग विथ अ पँथर’मुळे एल. एल. मवाळ झाला, संपला, असं बोललं जाऊ लागलं. हार्लेममधल्या एका सभेत त्याची हुर्यो उडवली गेली. आजीने त्याला टीकाकारांना लोळवायला सांगितलं. निर्माता मार्ली मार्लने जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ढोल आणि स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या गाण्यातला तुकडा कापून ताल बांधला. 1990 च्या अल्बममधलं ‘मामा सेड नॉक यू आउट’ 1991 मध्ये सिंगल म्हणून बाहेर आलं आणि 1992 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पुनरागमनाच्या गाण्यांचा हा नमुनाच ठरला, आणि गंमत अशी की हे गाणं सुरुवातीलाच ‘पुनरागमन’ हा शब्द झिडकारतं. आपण कधी गेलोच नव्हतो, हा त्याचा दावा. म्हणजे वरवर परतीचं असलेलं हे गाणं मुळात जबाब आहे. सवाल आधी झालेला होता, टोपीच्या रूपाने.

सवाल-जबाबाच्या आपल्याकडच्या कुळाची कथा बुंदेलखंडाच्या वेशीवरच्या चंदेरीत सुरू होते. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांचा तिथे काव्यसामना झाला. राजाने खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी, अशी आख्यायिका आहे. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. महाराष्ट्रात हा वाद तमाशाच्या बोर्डावर रंगला. उत्तरेत त्याचे आखाडे झाले, तिथे चंग वाजवून गायल्या जाणाऱ्या रचनांना ‘ख्याल’ म्हणतात आणि ‘लावनी’ही म्हणतात.

ही लावनी काशीत पोचली कशी? सर्वांत मोहक उत्तर गंगेच्या एका घाटावर आहे. आज राजाघाट म्हणून ओळखला जाणारा घाट पूर्वी अमृतराव घाट होता. भुस्कुट्यांच्या घरात जन्मलेले अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकलं तेव्हा काही काळ कारभार त्यांच्या हाती आला. पण इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला परत गादीवर बसवलं आणि अमृतराव मोठं वार्षिक वेतन घेऊन उत्तरेत गेले. 1824 मध्ये त्यांचा काशीतच अंत झाला. पेशवाईतला एवढा मोठा लवाजमा त्या काठावर उतरला, तर त्याच्याबरोबर होनाजी-बाळा आणि राम जोशी यांच्या लावण्याही उतरल्या असणार, असा हा तर्क.

तर्क देखणा आहे, पण सगळा भार पेलत नाही. तुर्रा-कलंगीचे ख्याल मेवाडात आहेत, लावनीबाजांचे आखाडे आग्र्यात आहेत. तिथे अमृतरावांचा काही संबंध नव्हता. शिवाय मूळपुरुषांची नावं पाहा. तुकनगीर हा ‘गिरी’, म्हणजे दशनामी गोसावी. बनारसचा नामांकित लावनीकार काशीगिरी, तोही ‘गिरी’च. गोसावी म्हणजे केवळ भिक्षेकरी नव्हेत. अठराव्या शतकात ते सावकार होते, व्यापारी होते, लढवय्येही होते. मिर्झापूरच्या बाजारात त्यांच्या पेढ्या होत्या, पुण्याच्या सोमवार पेठेत त्यांचे मठ होते. मराठी फौजा आणि हुंड्या ज्या वाटांनी उत्तरेत गेल्या, त्याच वाटांवर गोसावी होते. लावणी काशीला नेली ती त्यांनी, हेच मानणं सयुक्तिक आहे.

मग घाट कथेतून वगळायचा का? मुळीच नाही. गाणाऱ्याइतकाच ऐकणारा महत्त्वाचा असतो. आखाड्यांची भाषा खडी बोली झाली तरी ‘लावनी’ हे नाव टिकलं, यामागे काशीच्या घाटांवर राहणारी मराठी वस्तीच असली पाहिजे. तिथेच भारतेंदु हरिश्चंद्रांनी लावनी उचलली. हिंदी कविता ब्रजभाषेतच लिहायची, असा दंडक असताना 1882 च्या ‘फूलों का गुच्छा’मध्ये त्यांनी खडी बोलीतल्या लावन्या दिल्या. आधुनिक हिंदी काव्याच्या पायाभरणीत फडावरच्या या गाण्याचा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांना क्वचितच सांगितला जातो.

आता उरतो खरा वाद. रॅप हे कलगी-तुऱ्याचंच वंशज, असं अभिमानाने म्हणणारे भेटतात. ते चूक आहे. हिप-हॉपचा जन्म ब्राँक्समधला, ऑगस्ट 1973 मधला, जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कच्या पार्टीतला. त्याचं आणि शाहिरीचं रक्ताचं नातं नाही. उलट टोकाचे लोक मराठी रॅप म्हणजे निव्वळ आयात माल समजतात, तेही चूक आहे. नातं आहे ते दत्तकाचं, अमृतराव आणि पेशव्यांच्या घराण्याचं होतं तसं. जन्म दुसऱ्या घरी, पण दत्तकविधी झाला की गोत्र नव्या घराचं.

या दत्तकविधीच्या खुणा दाखवता येतात. पट्ठे बापूराव लावणीच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफत, रॅपरही नाव आणि गाव उच्चारल्याशिवाय गाणं पुरं करत नाही. शाहिरामागे झीलकरी असतात, रॅपरमागे त्याची टोळी. मधला दुवा म्हणजे आंबेडकरी जलसे आणि मुंबईतले जबाबी कव्वालीचे मुकाबले. वस्तीतल्या पोरांच्या कानावर सवाल-जबाब पडत राहिले ते त्यांच्यामुळे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने 2023 मध्ये ‘एमटीव्ही हसल’च्या स्पर्धेत उतरला, तेव्हा वऱ्हाडी बोली राष्ट्रीय मंचावर सवाल टाकत होती. त्याआधी 2019 मध्ये ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने ‘द वारली रिव्हॉल्ट’ काढलं. आरे जंगलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या गाण्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि त्याच्या जोडीला आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे.