कोमो : सरोवरकाठच्या एका इटालियन नगराचा इतिहास आणि नागरी स्मृती

प्रस्तावना

उत्तर इटलीतील लोंबार्डी प्रांतात आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी कोमो हे नगर वसले आहे. ज्या सरोवराच्या काठी ते आहे, त्यालाही कोमो सरोवर असेच म्हणतात. पर्यटनविषयक लेखनात या नगराचे वर्णन बहुधा निळे पाणी, डोंगरउतारावरील प्रासाद आणि धनिकांची विश्रामस्थाने एवढ्यापुरतेच मर्यादित राहते. हे वर्णन खोटे नाही. पण त्यातून नगराचा इतिहास कळत नाही. या नगराने ज्या ज्या गोष्टींचा अभिमान बाळगला, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ रूप कालौघात नष्ट झाले आणि नगराने त्यांची स्मृती पुन्हा पुन्हा नव्याने उभी केली. प्रस्तुत लेखात कोमोच्या इतिहासाचा विचार याच दृष्टीने केला आहे.

भौगोलिक स्थान आणि रोमन वसाहत

कोमो सरोवराचा आकार उलट्या धरलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारखा असून त्याची खोली चारशे मीटरांहून अधिक आहे. त्याच्या नैर्ऋत्य शाखेच्या टोकाला कोमो नगर आहे. सरोवरातून बाहेर पडणारी अड्डा नदी मात्र दुसऱ्या शाखेच्या टोकाशी, लेक्को येथे निघते. कोमोच्या बाजूने पाण्याला वाट नाही. त्यामुळे पातळी वाढली की नगरातील काठालगतच्या चौकात पाणी शिरते. आल्प्सच्या खिंडींतून उतरणारा व्यापार जलमार्गाने याच टोकाला पोहोचत असे. नगराचे वैभव या स्थानामुळे निर्माण झाले आणि त्याच्यावरील संकटेही याच स्थानामुळे ओढवली.

इ.स.पूर्व १९६ मध्ये रोमन कॉन्सल मार्कस क्लॉडियस मार्सेलस याने हा प्रदेश जिंकला. पुढे इ.स.पूर्व ५९ मध्ये ज्युलियस सीझरने येथे पाच हजार वसाहतकरी आणून नवे नगर वसविले. टेकड्यांवरची जुनी वस्ती सरोवराच्या काठावर आली. तटबंदीच्या आतील काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमधून त्या रोमन आखणीची कल्पना आजही येते.

दोन प्लिनी

सदतीस खंडांचा निसर्गविषयक ज्ञानकोश लिहिणारा थोरला प्लिनी आणि त्याचा भाचा धाकटा प्लिनी हे दोघे कोमोचे सुपुत्र मानले जातात. थोरला प्लिनी इ.स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावला. धाकट्याने आपल्या गावाला ग्रंथालय दिले. इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलेली एक हकिकत शिक्षणाच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. गावातील एक मुलगा शिकण्यासाठी मेडिओलानम, म्हणजे आजच्या मिलान येथे जातो असे त्याला आढळले, कारण गावात शिक्षकच नव्हता. तेव्हा शिक्षकाच्या वेतनाचा एक तृतीयांश भाग स्वतः देण्याची त्याने तयारी दर्शविली. सर्व रक्कम देणे त्याला शक्य होते. पण पालकांचे स्वतःचे पैसे गुंतले तरच ते शिक्षकाची निवड काळजीपूर्वक करतील, असा त्याचा युक्तिवाद होता. शैक्षणिक अनुदानासंबंधीचा हा विचार एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ते ग्रंथालय उरले नाही. मात्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोमोच्या प्रधान चर्चच्या दर्शनी भागावर, मुख्य दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, या दोघांचे पुतळे बसविण्यात आले. ते दोघेही ख्रिस्ती नव्हते. तरीही चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्यांना स्थान मिळाले. थोरल्या प्लिनीवर व्हेरोना नगरही आपला हक्क सांगत असे, ही पार्श्वभूमी लक्षात घेता हे पुतळे म्हणजे केवळ कलाकृती नसून नगराने दगडात कोरलेला दावाच होय.

विध्वंस आणि पुनर्बांधणी

इ.स. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याच्या हस्ते संत अबोंदिओच्या चर्चचा अभिषेक झाला, तेव्हा कोमो भरभराटीत होते. आल्प्सकडील मार्गांवरून मिलानशी त्याचा संघर्ष पेटला आणि १११८ ते ११२७ असे दहा वर्षांचे युद्ध होऊन मिलानने नगर उद्ध्वस्त केले. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा मिलानचा शत्रू असल्याने त्याच्या आश्रयाने कोमो पुन्हा उभे राहिले. ११९२ मधील भव्य वेशीचा बुरूज, पोर्ता तोरे, या पुनर्बांधणीची साक्ष देतो. १३३५ मध्ये मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याने नगर ताब्यात घेतले आणि स्वतंत्र नगरराज्य संपुष्टात आले. त्यानंतर स्पॅनिश व ऑस्ट्रियन सत्ता येऊन गेल्या.

सोळाव्या शतकात इतिहासकार पाओलो जोव्हिओ याने सरोवराच्या काठी प्रासाद बांधून त्यात प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रांचा संग्रह मांडला. धाकट्या प्लिनीच्या निवासाच्या अवशेषांवर आपण बांधत आहोत, अशी त्याची श्रद्धा होती. आधुनिक संग्रहालयाच्या पूर्वसूरींमध्ये या वास्तूची गणना होते. सतराव्या शतकात ती पाडली गेली व चित्रे विखुरली. पण फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने करवून घेतलेल्या त्यांच्या प्रतिकृती उफिझी संग्रहालयात टिकून आहेत.

व्होल्टा आणि रेशीम

विद्युत घटमालेचा शोध लावणारा अलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ मध्ये कोमोत जन्मला आणि १८२७ मध्ये येथेच वारला. या शोधाची वार्ता देणारे, लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठविलेले २० मार्च १८०० चे पत्रही कोमोहूनच लिहिले गेले. शोधाच्या शताब्दीनिमित्त १८९९ मध्ये नगरात वीज आणि रेशीम उद्योगाचे प्रदर्शन भरविण्यात आले. त्यात व्होल्टाची उपकरणे मांडली होती. ८ जुलै रोजी प्रदर्शनाला आग लागली आणि त्या उपकरणांचा मोठा भाग भस्मसात झाला. नगराला हा आघात विसरता आला नाही. एका कापड उद्योजकाच्या देणगीतून सरोवराकाठी उभारलेले व्होल्टा स्मारक १९२८ मध्ये खुले झाले. आगीतून वाचलेल्या वस्तूंबरोबर पुन्हा घडविलेली उपकरणेही तेथे आहेत. १९२७ मध्ये व्होल्टाच्या मृत्युशताब्दीनिमित्त भरलेल्या भौतिकशास्त्र परिषदेत नील्स बोर यांनी पूरकतेचे तत्त्व प्रथम मांडले. या परिषदेस भारतातून मेघनाद साहा आणि देवेंद्र मोहन बोस उपस्थित होते.

रेशमाचा इतिहासही याच वळणाचा आहे. सोळाव्या शतकात सुरू झालेल्या या उद्योगासाठी परिसरात तुतीची लागवड आणि रेशीमकिड्यांचे संगोपन होत असे. १८६८ मध्ये नगरात रेशीमशिक्षणाची संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कीटकसंगोपन संपुष्टात आले आणि कच्चा माल मुख्यतः चीनमधून येऊ लागला. विणाई, रंगाई, छपाई आणि नक्षीची रचना ही कौशल्ये मात्र कोमोत राहिली. १९९० मध्ये उघडलेल्या रेशीम संग्रहालयात कामगारांनी हाताळलेली यंत्रे पाहावयास मिळतात. नगराच्या खऱ्या ओळखीसाठी कोणत्याही प्रासादापेक्षा या संग्रहालयाची भेट अधिक उपयुक्त ठरते.

एक अवघड वारसा

याला एक अपवाद आहे. येथे मूळ वास्तू शाबूत आहे. अवघड आहे ती तिची स्मृती. वास्तुविशारद जुझेप्पे तेराञी याने १९३२ ते १९३६ या काळात फॅसिस्ट पक्षाचे स्थानिक कार्यालय, कासा देल फाशो, बांधले. सुमारे ३३ मीटर लांबीरुंदीची, अलंकरणविरहित पांढरी इमारत आणि चौकाकडे विजेच्या साहाय्याने एकाच वेळी उघडणारे काचेचे दरवाजे, अशी ही रचना आधुनिक वास्तुकलेच्या अभ्यासात अग्रगण्य मानली जाते. तथापि पारदर्शकतेची ही भाषा एका हुकूमशाही पक्षासाठी घडविली होती, हेही तितकेच खरे. मे १९३६ मध्ये इथिओपियावरील विजयाची घोषणा ऐकण्यासाठी याच चौकात प्रचंड जमाव जमला होता.

रशियन आघाडीवरून खचून परतलेला तेराञी १९ जुलै १९४३ रोजी कोमोत वारला. सहाच दिवसांनी मुसोलिनीची सत्ता कोसळली. एप्रिल १९४५ मध्ये याच सरोवराच्या पश्चिम काठावर, दोंगो येथे, मुसोलिनी पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिलला, जवळच्याच जुलिनो दि मेत्सेग्रा या गावी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. फॅसिस्ट पक्ष नष्ट झाला, पण त्याची ही इमारत कोणी पाडली नाही. १९५७ मध्ये ती इटलीच्या अर्थविषयक पोलीस दलाकडे गेली. ती संग्रहालयासाठी मोकळी करावी, अशी मागणी पुढे नगरात झाली. प्रधान चर्चच्या दर्शनी भागी दोन प्लिनी बसले आहेत. त्याच चर्चच्या पाठीमागे, लोहमार्गापलीकडे, ही वास्तू उभी आहे.