पोलिसांच्या गाड्यांची आपत्कालीन खरेदी

अमेरिकेतील शहरांत पोलिस दल बहुधा महापौरांच्या अखत्यारीत असते. मुंबई-पुण्याप्रमाणे ते राज्याच्या गृहखात्याकडे नसते. त्यामुळे गाड्या निकामी झाल्यास नव्या घेण्याचा भार पालिकेवरच पडतो. न्यू ऑर्लिन्सला याचा अनुभव २००५ मध्ये आला. २९ ऑगस्ट रोजी कतरिना चक्रीवादळ धडकले, बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. पोलिसांच्या अनेक गाड्याही बुडाल्या. त्याच दिवसांत एका मोटार विक्रेत्याकडील सुमारे २०० गाड्या नाहीशा झाल्या. त्यांपैकी काही पोलिसांनीच नेल्याचे उघड झाले. ती निकड होती की चोरी, याची चौकशी पुढे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलना करावी लागली.

एरवी अशा खरेदीसाठी निविदा मागवाव्या लागतात. आणीबाणीत त्यातून सूट मिळते. मात्र ती निकड असेपर्यंतच, आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. खरी मेख भरपाईत आहे. फेमा ही केंद्रीय आपत्ती यंत्रणा खर्च परत देते. पण दुरुस्तीपलीकडे गेलेल्या गाडीची रक्कम ठरवताना जुन्या गाड्यांच्या दरपुस्तिकेचा आधार घेतला जातो आणि विम्याचे पैसे वजा होतात. जुन्या गाडीच्या किमतीत नवी येत नाही. शिवाय वायरलेस, भोंगा, दिवे बसवल्याखेरीज ती गस्तीच्या उपयोगाची नसते. हा फरक पालिकेच्या तिजोरीतून जातो. न्यू ऑर्लिन्सची तिजोरी तर इतकी रिती झाली होती, की ऑक्टोबर २००५ मध्ये महापौर रे नेगिन यांना सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर करावी लागली.