पोद्दारांचा शेरा

सावद्याच्या पोराला क्रिकेटच्या निवड चाचणीसाठी पुणं गाठायचं तर आदल्या रात्रीच निघावं लागतं. खानदेशचं क्रिकेट मुंबईच्या नाही, पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत येतं. आधी जिल्हा, मग पुढचं. नेटमध्ये वाट्याला मोजकेच चेंडू येतात आणि तेवढ्यावर कुणीतरी कागदावर काहीतरी लिहून घेतं. त्या कागदाचा इतिहास मजेशीर आहे.

अमेरिकेत बेसबॉलचे पारखी खेळाडूला २० ते ८० असे गुण देतात. ५० म्हणजे साधारण. फटका, ताकद, धाव, झेल, फेक, सगळ्याला वेगळा आकडा. तिकडे शाळकरी मुलांची ‘शोकेस’ शिबिरं भरतात, ‘परफेक्ट गेम’सारखी कंपनी तिथे १० पैकी गुण देते, आणि कॉलेजचे प्रशिक्षक कुणाला बघायला जायचं, कुणाला शिष्यवृत्ती द्यायची हे ठरवताना तो आकडाही बघतात. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काय? दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण म्हणाल, तर ते नाही. तुम्ही कुठवर खेळलात एवढंच ते सांगतात. पारखी सांगतो तुम्ही कुठवर जाऊ शकता. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दिनेश लाड यांनी हा दुसरा प्रकार केला. १९९९ मध्ये बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांनी एक मुलगा हेरला आणि त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. घरच्यांना फी झेपणारी नव्हती, तेव्हा लाडांनी ती माफ करून घेतली. मुलगा रोहित शर्मा. यात आकडा नव्हता, फॉर्म नव्हता. होता एका माणसाचा डोळा आणि मुख्य म्हणजे शाळेत चालणारा त्याचा शब्द.

ही पारख कागदावर आणण्याचा मोठा प्रयत्न झाला २००२ मध्ये. कल्पना मुंबईचे क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची. जगमोहन दालमिया अध्यक्ष असताना क्रिकेट मंडळाने प्रतिभाशोधाची वेगळी शाखा काढली आणि ती दिलीप वेंगसरकरांच्या हाती दिली. जुने खेळाडू गावोगावचे सामने बघायचे आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय अकादमीला अहवाल पाठवायचे. त्यांतलेच एक बंगालचे माजी फलंदाज प्रकाश पोद्दार. २००३ च्या सुमारास जमशेदपूरला त्यांनी रांचीचा एक यष्टिरक्षक बघितला. चेंडू जबरदस्त मारतो, याला घ्या, असा त्यांचा शेरा.

अडचण वयाची होती. वेंगसरकरांनीच पुढे सांगितलं आहे: योजना १९ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि हा २१ चा. पोद्दारांच्या आग्रहाखातर नियमाला मुरड घातली गेली. २००४ मध्ये महेंद्रसिंग धोनी भारत ‘अ’ संघातून झिम्बाब्वे-केनियाला गेला, आणि त्याच डिसेंबरात बांगलादेशविरुद्ध पहिल्या सामन्यात शून्यावर धावबाद झाला. शेरा लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय वाटलं असेल!

मला यात धोनीपेक्षा पोद्दार जास्त महत्त्वाचे वाटतात. फक्त रकाने भरून घेतले असते तर ‘वय: २१’ इथेच कागद बाजूला पडला असता.

नुसत्या मोजमापाचं काय होतं, याचंही उदाहरण आहे. २००८ मध्ये भारतात चेंडूफेकीच्या वेगाची स्पर्धा घेऊन उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघा भालाफेकपटूंना अमेरिकेला नेलं. पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला, सिनेमाही निघाला. मुख्य लीगपर्यंत मात्र दोघांपैकी कुणी पोहोचलं नाही. अर्थात ज्यांनी आधी बेसबॉल हातातही धरला नव्हता त्यांनी तिथवर मजल मारली, हेही थोडं नाही.

मंडळाची ती शाखा पुढे बंद पडली. आता आयपीएलच्या संघांचे स्वतःचे पारखी असतात. जॉन राईट यांनी २०१३ मध्ये गुजरातच्या टी-२० सामन्यात बुमराहला हेरलं, ते मुंबई इंडियन्ससाठी. पण हे पारखी बहुतेकदा जातात ते राज्य संघांच्या सामन्यांना. तिथे दिसायचं तर आधी राज्याच्या संघात हवं, आणि त्यासाठी सावद्याच्या पोराला पुन्हा पुण्याची तीच रात्रीची गाडी धरावी लागते.