दोन तासांची मुदत

२४ मार्च १९९० रोजी भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी श्रीलंकेतून निघाली. आपले हजारावर जवान तिथे कामी आले होते. काही महिन्यांतच जाफन्यावर एलटीटीईची एकहाती सत्ता आली.

३० ऑक्टोबर १९९० रोजी जाफन्यात लाउडस्पीकरवरून हुकूम झाला की मुसलमानांनी मैदानात जमावं. तिथे सांगण्यात आलं, दोन तासांत शहर सोडा. वाटेत त्यांचे दागिने आणि रोकड काढून घेतली. त्या महिन्यात उत्तर प्रांतातून सुमारे ७०,००० माणसं हाकलली गेली. बरीच पुत्तलमच्या छावण्यांत राहिली. त्यांचीही बोली तमिळच होती.

तमिळांवरच्या अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली ही संघटना. पण तिच्या मुलखात तमिळांनाही बाहेर जायला पास लागे, शाळकरी पोरं लढाईला नेली जात. दाद कुठे मागणार? पोलीस त्यांचे, न्यायालयही त्यांचंच.

आरोप शांतिसेनेवरही झाले. फौजीविरुद्ध कोर्टात जाता येतं याचा आपल्याला कधी राग येतो. मित्रांनो, जाफन्यात त्या दिवशी नेमकं तेच दार बंद होतं.